‘इथे बरं वाटणार नाही’ म्हणणारे फादर ऑल्विन

पनवेल शहर, तालुका आणि लगतच्या गावांतील समस्त सुज्ञ नागरिकांस, विशेषतः बारावी झालेल्या मुलामुलींच्या पालकांस, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, फादर ऑल्विन यांना खुर्चीवर बसवत नसे. हे निवेदन मी पूर्ण शुद्धीत आणि जबाबदारीने करतो आहे. त्यांच्या पाठीला काही झालेलं नव्हतं, गुडघे माझ्यापेक्षा उत्तम होते आणि खुर्च्या तर आमच्या विद्यापीठात मुबलक आहेत. पण बसलं की दोन मिनिटांत त्यांचा एक पाय हलायला लागायचा, मग दुसरा, आणि तिसऱ्या मिनिटाला फादर दारात.

आमचं विद्यापीठ म्हणजे पनवेलहून नेऱ्याकडे जाताना लागणारं कॅथलिक मिशनचं विद्यापीठ. फलक बदलून काही वर्षं झाली, तरी एसटी स्टँडसमोरचे रिक्षावाले त्याला अजून ‘फादरचं कॉलेज’च म्हणतात. मी तिथे मराठी शिकवतो आणि वर्षातून एकदा मुलांची एकांकिका बसवतो. मी ख्रिस्ती नाही. माझ्या घरात देव्हारा आहे, पण त्याचा सगळा कारभार बायकोकडे आहे. फादर ऑल्विन आमच्याकडे विद्यार्थ्यांचे अधिष्ठाता होते. मूळचे वसईचे, साठीला आलेले, किडकिडीत, आणि मराठी अशी खणखणीत की मला माझे विद्यार्थी सुधारताना त्यांचं उदाहरण द्यावं लागे.

त्यांच्या खुर्चीवर फायली राहत. तक्रार घेऊन कुणी आलं की ते म्हणायचे, “चला, बोलत चला.” मग कचेरी, ग्रंथालय, मैदानाची कड, कँटीन आणि पुन्हा कचेरी, अशी एक फेरी. वसतिगृहातल्या डाळीच्या तक्रारीला एक फेरी पुरे. परीक्षेच्या गुणांना दोन. प्राध्यापकांच्या आपसांतल्या भांडणांना किती लागतील, हे कुणालाच सांगता येत नसे. त्यांचं म्हणणं असं, “बसलेला माणूस तक्रार सजवतो. चालणारा मुद्द्यावर येतो, कारण त्याला धाप लागलेली असते.” अर्थशास्त्राचे आमचे एक प्राध्यापक इतके तक्रारखोर होते की एका सत्रात त्यांच्या पँटी सैल झाल्या.

तीन वर्षांपूर्वी प्रवेशाच्या दिवसांत बाळाराम भोईर आपल्या मुलीला घेऊन आले. नेऱ्याचे आगरी शेतकरी, आता दोन फार्महाऊस भाड्याने देणारे. पांढरा सदरा, मोठी पांढरी गाडी आणि चेहऱ्यावर मोठी चिंता. मुलगी मुक्ता. खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीत पुस्तकं इतकी की ती एका बाजूला कलली होती. तिला समाजशास्त्र शिकायचं होतं आणि त्या विषयाचा धड विभाग आसपास फक्त आमच्याकडे. मी मदतीच्या टेबलावर होतो. मी त्यांना फादरांकडे नेलं आणि अर्थातच आम्ही चौघं चालू लागलो.

“फादर, सरल विचारतो,” भोईर म्हणाले. “आमची पोर देव मानत नाय. घरच्या पूजेला बसत नाय. आजीशी भांडते, माज्याशी भांडते, गावकीच्या बैठकीत जाऊन बायकांना इतं बोलू का देत नाय म्हनून पंचांशी पन भांडून आली. तुमचं तर देवाचंच कॉलेज. तिला इतं बरं वाटंल काय?”

अशा वेळी काय बोलायचं ते आमच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. ‘सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी आपुलकीचे वातावरण’ वगैरे. ते वाक्य मीच लिहिलंय. मी ते म्हणायला तोंड उघडलं, तोवर फादर म्हणाले, “नाही. बरं वाटणार नाही.”

भोईर थबकले. फादर थांबले नाहीत, म्हणून त्यांनाही पुन्हा चालावं लागलं.

“रोज सकाळी प्रार्थना होते, ती तिला खटकेल,” फादर म्हणाले. “भिंतीवर क्रूस आहेत. काही गोष्टींवर आमची मतं ठाम आहेत, ती ऐकून तिचं डोकं तापेल. पण तिच्यामुळे आम्हालाही बरं वाटणार नाही. तेव्हा हिशेब सरळ आहे.”

मुक्ता पहिल्यांदा हसली. “प्रार्थनेला उभं राहावं लागतं?”

“राहावं लागतं. हात जोडायचे की नाही, ते ज्याचं त्याने ठरवायचं.”

“मी देव मानत नाही.”

“पहिला तास साडेसातला असतो, तो मानता?”

“मानते.”

“मग सुरुवात बरी आहे.”

“आणि मला पटलं नाही तर मी गप्प राहत नाही.”

“गप्प राहणारे आमच्याकडे भरपूर आहेत. तुमच्याकरता ती जागा रिकामी नाही,” फादर म्हणाले, आणि फेरी संपली. प्रवेश झाला. भोईर गाडीत बसताना मला म्हणाले, “मास्तर, हा मानूस खरं बोलतो. म्हनून जास्त भीती वाटते.”

आता एक गैरसमज आधीच दूर करतो. फादर ऑल्विन पुरोगामी होते, असं कुणी समजू नये. घटस्फोट, गर्भपात, असल्या विषयांवर ते चर्चच्या मतापासून तसूभर हलत नसत. मुक्ता त्यांच्याशी वाद घालायची, दोघांचे चेहरे लाल व्हायचे, मैदानावर खो-खो खेळणाऱ्या मुली खेळ थांबवून बघायच्या. “तुझं साफ चुकतंय,” ते तिला तोंडावर सांगायचे. एकदा मी त्यांना म्हटलं, मग तिला इतकं बोलू कशाला देता? ते म्हणाले, “माझं मत बदलणार नाही. पण तिचं ऐकल्याशिवाय ते माझं मत आहे की माझं पाठांतर, हे मला कळणार कसं?”

आमच्याकडे दर बुधवारी चौथ्या तासाला मुलं दोन भागांत वाटली जातात. कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाला सिस्टर रोझलिनकडे, बाकीची मूल्यशिक्षणाला माझ्याकडे. माझ्या तासात मी प्रामाणिकपणावर बोलायचो आणि मुलं मागे दुसऱ्या विषयांच्या वह्या पूर्ण करायची. दोन्ही पक्ष सुखी होते. मुक्ताने दुसऱ्याच बुधवारी हात वर केला.

“सर, हे तुम्हाला तरी पटतं का?”

“वेळापत्रकात आहे,” मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तिने अर्ज दिला की मला धर्मशिक्षणाच्या तासाला बसायचंय. नियमांत ‘कोणत्याही विद्यार्थ्यास’ बसता येईल असं लिहिलेलं होतं. ज्याने ते लिहिलं, त्याला असा विद्यार्थी कधी उगवेल असं स्वप्नातही वाटलं नसणार. फादरांनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाले, “आमची मुलं तिथून सुटायला डोकेदुखीची चिठ्ठी आणतात. ही आत यायला अर्ज करते. हिला अडवू कुठल्या तोंडाने?”

सिस्टर रोझलिन सत्तरीच्या. कित्येक वर्षं त्या तो तास घेत होत्या आणि त्यांना कुणी प्रश्न विचारला नव्हता. पंधरा दिवसांत त्या फादरांकडे आल्या. मी कँटीनमधून निघालो होतो, म्हणून फेरीत ओढला गेलो.

“फादर, ही मुलगी विचारते, बाईला फादर का होता येत नाही.”

“तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, ही परंपरा आहे. तर म्हणते, सिस्टर, हे कारण झालं की सवय?”

“आणि सिस्टर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं?”

सिस्टर चालता चालता उभ्याच राहिल्या. “मला?” त्या म्हणाल्या. “मला आजवर कुणी विचारलं नाही.” त्यानंतर त्यांनी तक्रार केली नाही. उलट बुधवारी त्या चष्मा पुसून, दोन जाड पुस्तकं घेऊन, जरा लवकरच वर्गात जाऊ लागल्या.

हे सगळं ऐकायला गमतीचं आहे आणि मीही ते रंगवून सांगतो आहे, पण मुक्ताला ती वर्षं सोपी गेली नाहीत. कँटीनमध्ये तिच्या बाकावरची जागा रिकामी राहायला लागली. एका मुलीने तिला सरळ विचारलं, “एवढं पटत नाही तर आलीस कशाला?” पनवेलात ती शनिवारी ज्या पुरोगामी मित्रांच्या बैठकीला जायची, ते म्हणाले, तू आता मिशनवाली झालीस. आणि नेऱ्यात कुजबुज सुरू झाली की, भोईराची पोर क्रूसाच्या वर्गाला बसते, म्हणजे बाटली. एका दुपारी ती ग्रंथालयात माझ्यासमोर येऊन म्हणाली, “सर, इथे मी नास्तिक, गावात मी बाटलेली, मित्रांत मी फुटलेली. मी नक्की कुणाची?”

माझ्याकडे असल्या प्रसंगांसाठी दोन-तीन टाळीची वाक्यं तयार असतात. त्या दिवशी ती बाजूला ठेवून मी तिला फादरांकडे धाडलं. खिडकीतून मी बघत होतो. एक फेरी, दोन, तीन, चार. चौथ्या फेरीनंतर ते काहीतरी म्हणाले आणि ती वर्गात गेली. काय म्हणाले ते मी तिला विचारलं.

“म्हणाले, ‘मला माहीत नाही. उद्या येशील?’ ”

ती गेली, दुसऱ्या दिवशी आणि नंतरही.

आता माझी चूक. दरवर्षी धर्मप्रांतातल्या, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालच्या, सगळ्या संस्थांतली कॅथलिक मुलं धर्मज्ञानाची एक लेखी परीक्षा देतात. नावं पाठवायचं काम त्या वर्षी माझ्या गळ्यात पडलं. मी काय केलं, तर सिस्टरांच्या वर्गाचं हजेरीपुस्तक उघडलं आणि वरपासून खालपर्यंत उतरवून काढलं. त्यात मुक्ता बाळाराम भोईर होतीच. तिला बैठक क्रमांक आला. तिला वाटलं, वर्गाला बसतो म्हणजे परीक्षाही द्यायची असते. पेपरवर फक्त क्रमांक. निकाल लागला तेव्हा सगळ्या धर्मप्रांतात पहिली कोण, हे मी वेगळं सांगायला नको.

कचेरीत पत्र आलं आणि धावपळ उडाली. कारण पदक वार्षिक समारंभात बिशपांच्या हस्ते द्यायचं आणि वर्षानुवर्षांची रीत अशी की, पहिला आलेला विद्यार्थी मंचावर उभा राहून श्रद्धेची प्रार्थना म्हणतो आणि सगळं सभागृह त्याच्या मागून म्हणतं. ‘मी मानतो’ असं म्हणत जाणारी ती प्रार्थना. मुक्ताला ती तोंडपाठ होती. मानत मात्र ती त्यातलं काहीच नव्हती.

आमचे रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचे मुख्य, सौम्य गृहस्थ. त्यांना कटकट सोसत नसे. ते म्हणाले, “दुसऱ्या नंबरच्या मुलीला मंचावर बोलावू. हिला कचेरीत वेगळं प्रशस्तिपत्र देऊ. कुणाचं मन दुखायला नको.”

“पेपर तपासणाऱ्यांनी तिची उत्तरं तपासली होती,” फादर म्हणाले. “विश्वास तपासायला आपण त्यांना सांगितलं नव्हतं.”

“फादर ऑल्विन, विषय वाढवू नका. वरपर्यंत जाईल.”

“मग जाऊ दे, त्याला तरी व्यायाम होईल.”

फेरीत मी कबूल केलं की हा घोळ मी घातला. ते म्हणाले, “घोळ कसला? ती वर्गात होती, तुम्ही हजर लिहिलंत. या इमारतीत बऱ्याच दिवसांनी कुणीतरी जसं आहे तसं लिहिलं.” मग मुक्ताला बोलावलं. ती आली ती रडायच्या बेतातच.

“मला पदक नको, फादर.”

“ठीक आहे.”

“पण काढून घेतलेलंही नको.”

“हे जास्त ठीक आहे.”

त्याच संध्याकाळी भोईरांचा फोन आला. फादरांनी चालता चालता तो स्पीकरवर घेतला, म्हणून मीही ऐकला. “फादर, गावकीत मला उभं करून विचारलंय. पदक घेतलं तर पोर बाटली, असं धरनार. कार्यक्रमाला मी येतो, आनि तसाच तिला घरी घेऊन जातो. तिचा दाखला तयार ठेवा.”

फादरांनी दाखला तयार केला. सही केली, शिक्का मारला, पाकिटात घालून झग्याच्या खिशात ठेवला. मी म्हटलं, अहो, थोडं समजवा तरी त्यांना. तर म्हणाले, “बापाने मागितला तर द्यावाच लागेल. मागायची इच्छा राहू नये, एवढंच माझ्या हातात आहे. आणि ते कसं करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.” त्या आठवड्यात ते इतके चालले की चपलेचा अंगठा तुटला.

समारंभाला सभागृह गच्च भरलं. पुढे बिशप, रेक्टर, सिस्टर. शेवटच्या रांगेत भोईर आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना गावकीतले दोन पंच, हाताची घडी घालून. फादर माइकपाशी आले.

“पहिला क्रमांक मुक्ता बाळाराम भोईर, गाव नेरे,” ते म्हणाले. “ही मुलगी ख्रिस्ती नाही. ती ख्रिस्ती होणार नाही, आणि व्हावी म्हणून आम्ही तिला इथे घेतलेलं नाही. ती देव मानत नाही, हे तिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आपला धर्म काय सांगतो, हे मात्र तिने आपल्या सगळ्यांपेक्षा नीट वाचलं. म्हणून पदक तिचं. श्रद्धेची प्रार्थना ती म्हणणार नाही. जे मानत नाही ते मानते असं देवासमोर म्हणायला लावणं हे पाप आहे, असं आपल्याच पुस्तकात लिहिलंय. ते उत्तरही तिने बरोबर लिहिलं होतं. प्रार्थना मी म्हणतो.”

रेक्टरांनी डोळे मिटले. मुक्ता मंचावर गेली. बिशपांनी तिच्या गळ्यात पदक घातलं आणि हळूच विचारलं, पण माइक सुरू होता, “इतका अभ्यास कशासाठी केलास, बाळ?”

“नीट भांडता यावं म्हणून, सर.”

सभागृहात कुणीतरी खुदकन हसलं. मला वाटतं, त्या सिस्टर रोझलिन होत्या.

सगळे उठून उभे राहिले. फादरांनी प्रार्थना सुरू केली. मुक्ता त्यांच्या शेजारी, हात खाली सोडून, सरळ उभी. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, आणि तिसऱ्या ओळीपाशी फादर थांबले. आम्हाला वाटलं, श्वास घेतायत. पण ते विसरले होते. लहानपणापासून रोज म्हटलेली प्रार्थना. कपाळावर घाम, ओठ हलतायत, शब्द येत नाही. सभागृह तोंडाकडे बघतंय. मी नाटकवाला माणूस, कलाकार वाक्य विसरला की काय होतं ते मला ठाऊक आहे. विंगेतून कुणीतरी पुढचा शब्द पुरवावा लागतो. पण इथे विंगेत कोण असणार?

मुक्ताने मान न हलवता पुढचे चार शब्द त्यांना हळूच पुरवले.

माइकने ते अख्ख्या सभागृहाला ऐकवले. फादरांनी ते उचलले आणि प्रार्थना शेवटपर्यंत नेली. बिशपांच्या खांद्यांची हालचाल पाठीमागूनसुद्धा दिसत होती. ते हसत होते. मी नंतर फादरांना विचारलं, खरं सांगा, विसरलात की नाटक केलंत? ते म्हणाले, “मला खोटं बोलायची परवानगी नाही. म्हणून विचारू नका.”

शेवटच्या रांगेत एक पंच दुसऱ्याला म्हणाला, “माइकवर सांगितलं ना, बाटवनार नाय म्हनून. मग खरं असंल.” दुसऱ्याने हाताची घडी सोडली. भोईर फादरांपाशी आले. फादरांनी खिशातून पाकीट काढून पुढे धरलं. भोईर पाकिटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, “राहू द्या सध्या. वर्ष संपू दे, मग बघू.”

पण वर्ष संपताना फादरांचीच बदली आली. विदर्भातल्या कुठल्या तरी आडगावच्या मिशनवर. समारंभाचा आणि बदलीचा संबंध आहे, असं कुणी म्हणालं नाही. नाही, असंही कुणी म्हणालं नाही. मी चिडलो, पत्र लिहायला बसलो, सह्या गोळा करू म्हटलं. फादर म्हणाले, “आज्ञा पाळण्याची शपथ मी घेतलीय, तुम्ही नाही. तुम्ही चिडा. मला सामान बांधू द्या.” सामान म्हणजे एक बॅग आणि एक छत्री.

निरोपाच्या सकाळी फाटकापाशी सगळे जमलो. रेक्टरांच्या हातात शाल आणि नारळ, सिस्टरांच्या हातात रुमाल. भोईरही आले होते, या वेळी पंचांशिवाय. आणि मुक्ता मला कुठे दिसेना.

फादर भोईरांना एका बाजूला घेऊन म्हणाले, “मी होतो तोवर तुमच्या मुलीसाठी बोलत होतो. उद्यापासून इथे मी नाही. तिला त्रास होणार, हे मी तेव्हाही सांगितलं होतं, आजही सांगतो. मला तिने राहावं असं वाटतं, पण बाप तुम्ही आहात. न्यायचं असेल तर दाखला माझ्याकडे आहे.”

भोईरांनी मान खाली घातली. मुलीची काळजी त्यांच्या तोंडावर अजून तशीच होती. त्यांनी पाकिटाकडे हात नेला, मागे घेतला, पुन्हा नेला. तेवढ्यात फाटकाच्या पलीकडून मुक्ताचा आवाज आला. पुढच्या वर्षापासून धर्मशिक्षणाच्या तासाला फक्त कॅथलिक मुलं, असा नवा नियम त्याच सकाळी फलकावर लागला होता, आणि तो वाचून ती थेट रेक्टरांसमोर येऊन उभी राहिली होती.

“हा नियम का बदलला, सर?”

“पाहू, पाहू. आज नको. तू अर्ज लिहून दे.”

“लिहूनच आणलाय. सिस्टरांचीही सही आहे.”

रेक्टरांनी शाल एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि अर्ज धरला. सिस्टर रोझलिन आभाळाकडे बघू लागल्या. भोईर आपल्या मुलीकडे बघत होते, तिच्यासमोर घाम पुसणाऱ्या रेक्टरांकडे बघत होते. त्यांनी फादरांचा पाकीट धरलेला हात दोन्ही हातांनी मागे लोटला आणि फाटकाच्या आतबाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ठेवा तुमचा दाखला, फादर. तुमी चालले, आनि ही पन घरी आली, तर या सायबांशी भांडनार कोन?”